ठळक अक्षरांतला आकडा

रिपोर्ट हल्ली रात्री मोबाईलवर येतो. पीडीएफ उघडली की पंधरा-वीस पानं, बहुतेक आकडे साध्या टायपात आणि एखाद-दुसरा ठळक. घरातल्या सगळ्यांची नजर नेमकी तिथेच जाते. थायरॉइडच्या तपासणीतला टीएसएच ६.२. कुणीतरी लगेच नेटवर शोधायला लागतं, कुणी आत्याला फोन लावतं, कारण तिची गोळी दहा वर्षांपासून चालू आहे. सकाळपर्यंत घरात कोबी-फ्लॉवर बंद झालेला असतो. ज्याच्या नसेतून रक्त काढलं, त्याला नक्की काय होत होतं आणि ही तपासणी कशासाठी केली, हे मात्र त्या गडबडीत कुणीच विचारत नाही.

रक्ताची तपासणी म्हणजे शरीराला विचारलेला एक प्रश्न. प्रश्न ठरलेला नसेल तर उत्तर कितीही अचूक आलं तरी त्याचं काय करायचं ते कळत नाही. थायरॉइड आणि बी-१२, डी ही जीवनसत्त्वं, या तीन तपासण्यांच्या बाबतीत हे रोज घडतं. तिन्ही एकाच पॅकेजमध्ये येतात, तिन्हींची लक्षणं एकमेकांत मिसळलेली असतात आणि तिन्हींवरचं औषध दुकानात सहज मिळतं.

थायरॉइड ही गळ्याच्या पुढच्या भागात, कंठमण्याच्या खाली असलेली पंधरा-वीस ग्रॅमची ग्रंथी. ती दोन हार्मोनं बनवते: प्रामुख्याने टीफोर आणि थोडं टीथ्री. शरीरात प्रत्यक्ष काम करतं ते टीथ्री, पण त्याचा मोठा हिस्सा यकृत, मूत्रपिंड वगैरे ठिकाणी टीफोरपासूनच तयार होतो. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, मात्र या ग्रंथीचं नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी उतरलं की खालची मोटर आपोआप चालू होते, तसं हे आहे. टीएसएच म्हणजे मोटरचा आवाज. आवाज वाढला याचा अर्थ टाकीत पाणी कमी पडतंय. म्हणून टीएसएच वाढलेला असेल तर थायरॉइडचं काम मंदावलेलं असतं आणि टीएसएच तळाला गेला असेल तर ग्रंथी जास्त काम करत असते, किंवा गोळीचा डोस जास्त होत असतो. हा उलटा हिशोब लक्षात न राहिल्याने टीएसएच वाढल्याचं पाहून स्वतःच गोळी बंद करणारे लोक आहेत. अशांची तब्येत दोन महिन्यांत चांगलीच ढासळते.

ही मोटर फार हळवी आहे. रक्तातलं मोकळं, म्हणजे प्रथिनांना न चिकटलेलं, टीफोर निम्म्यावर आलं, तर टीएसएच दुप्पट होऊन थांबत नाही, शंभरपटीच्या घरात वाढू शकतो. म्हणून सुरुवातीची तपासणी म्हणून एकटा टीएसएच पुरेसा धरतात. टीफोर अजून मर्यादेत असतानाच तो बोलायला लागतो. पण याच कारणाने छोट्या फरकांना फारसा अर्थ नसतो. गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसाचाही टीएसएच एका दिवसातून दुसऱ्या दिवशी बराच हलतो. मध्यरात्रीनंतर तो सर्वांत जास्त असतो, दुपारी सर्वांत कमी, आणि नाश्ता झाल्यावरही थोडा उतरतो. सकाळी सातला उपाशीपोटी दिलेल्या रक्तात ४.९ आणि पुढच्या महिन्यात दुपारी बाराला दिलेल्या रक्तात ३.४ आला, तर ‘काढ्याने गुण आला’ असं म्हणता येणार नाही. टीएसएचसाठी उपाशी राहणं सक्तीचं नाही. सक्तीचं म्हणावं असं एकच आहे: दर वेळी साधारण तीच वेळ आणि शक्यतो तीच लॅब. मशीन बदललं की मर्यादाही बदलते. एकीकडे ०.२७ ते ४.२ छापलेलं असतं, दुसरीकडे ०.३५ ते ४.९४. ४.५ हा आकडा पहिल्या कागदावर ठळक दिसेल आणि दुसऱ्यावर साधा.

ही मर्यादा येते कुठून, तेही पाहायला हवं. निरोगी माणसांचा एक मोठा गट घेतात, त्यांचे आकडे ओळीने मांडतात आणि मधले ९५ टक्के ‘सामान्य’ धरतात. म्हणजे व्याख्येनेच शंभरातली पाच निरोगी माणसं रेषेबाहेर पडतात. आता पॅकेजचा विचार करा. वीस तपासण्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असं धरलं, तर पूर्ण निरोगी माणसाचाही किमान एक आकडा ठळक येण्याची शक्यता ६४ टक्के होते. ऐंशी तपासण्यांचं पॅकेज असेल तर असा एकही आकडा न येणं हेच नवल. शिवाय वयाप्रमाणे टीएसएच वरच सरकतो. ऐंशी ओलांडलेल्या आजोबांचा टीएसएच सात-साडेसात असणं हे त्यांच्या वयाला साजेसं असू शकतं. छापील मर्यादा मात्र तिशीतल्या नातीला आणि त्यांना एकच असते.

मग ६.२ चं करायचं काय? मोकळं टीफोर, म्हणजे रिपोर्टवरचं एफटीफोर, मर्यादेत असेल तर घाई करायची नाही. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. वाढलेले टीएसएच बऱ्याचदा आपसूक खाली येतात, विशेषतः मधे ताप, डेंग्यू, एखादं ऑपरेशन असं काही झालेलं असेल तेव्हा. आजारातून उठताना टीएसएच काही दिवस मुद्दाम वर जातो. दुसऱ्यांदाही वाढलेलाच आला तर सोबत अँटी-टीपीओ पाहतात. स्वतःच्या ग्रंथीविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रतिद्रव्यांची ही तपासणी. जपानी शल्यविशारद हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये या प्रकारच्या ग्रंथीचं वर्णन केलं आणि त्यांचंच नाव या आजाराला राहिलं. अँटी-टीपीओ वाढलेलं असलं की पुढे थायरॉइड मंदावण्याचा संभव वाढतो, त्यामुळे वर्षातून एकदा टीएसएच पाहावा. पण अँटी-टीपीओ स्वतः दर वर्षी मोजायची गरज नाही. तो आकडा ८०० वरून ५०० वर आला काय किंवा १२०० वर गेला काय, उपचार त्यावर ठरत नाहीत. हा खर्च सरळ वाचवता येतो.

साधारणपणे टीएसएच दहाच्या वर टिकून राहिला की गोळी सुरू करतात. त्याखाली माणूस पाहून ठरवतात: वय, लक्षणं, गर्भधारणेचा विचार, हृदय. २०१७ मध्ये युरोपात ६५ वर्षांवरच्या ७३७ जणांवर केलेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात टीएसएच थोडा वाढलेल्या ज्येष्ठांना थायरॉक्सिन, म्हणजे गोळीतलं टीफोर, दिल्याने थकव्यात काही फरक पडला नाही. तरीही आपल्याकडे सत्तरीतल्या कित्येक आजी-आजोबांना एका सकाळच्या ५.८ वर आयुष्यभराची गोळी लागते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. डोस जास्त झाला तर या वयात हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि हाडं ठिसूळ होतात. सुरू करायचीच असेल तर या वयात १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमपासून करतात. तरुण माणसाची ग्रंथी पूर्ण बंद असेल तर लागणारा डोस वजनाच्या दर किलोमागे सुमारे १.६ मायक्रोग्रॅम असतो, म्हणजे साठ किलोला शंभरच्या आसपास.

गोळी सुरू झाली की पुढची तपासणी कधी करायची, इथे सर्वाधिक गोंधळ होतो. टीफोरचा अर्धा भाग शरीरातून जायला सात दिवस लागतात. त्यामुळे नव्या डोसवर पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात आणि पिट्युटरी त्याच्याही मागून येते. सहा ते आठ आठवड्यांच्या आत पाहिलेला टीएसएच अर्धवट असतो. पंधरा दिवसांत तपासून ‘अजून कमी झाला नाही’ म्हणत डोस वाढवला, की तीन महिन्यांनी छातीत धडधड सुरू होते. आणखी एक नमुना जाणकार डॉक्टर कागद पाहताच ओळखतात: टीएसएच वीस आणि एफटीफोर मात्र उत्तम, किंवा वरच्या टोकाला. अशा वेळी बहुधा गोळी महिनाभर नीट घेतलेली नसते आणि रक्त द्यायच्या आधी चार दिवस अगदी नेमाने घेतलेली असते. एफटीफोर चार दिवसांत वर येतं, टीएसएचला महिन्याभराची आठवण असते. त्यावरून कुणाला रागावण्यात अर्थ नाही. पहाटेची पाणी भरायची गडबड, डबे, मुलांची शाळा यांत उपाशीपोटी गोळी घेऊन तासभर थांबायला फुरसत कुठून मिळायची, हा खरा प्रश्न आहे.

नियम थोडके आहेत, पण काटेकोर. गोळी साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि पुढे अर्धा ते एक तास काही खायचं नाही. चहा चालत नाही, दूध तर नाहीच. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळीत आणि थायरॉक्सिनमध्ये चार तासांचं अंतर हवं, कारण पोटात ती एकमेकांना धरून बसतात आणि औषध रक्तात पोहोचतच नाही. सकाळ जमत नसेल तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी झोपताना घेतली तरी चालते. मात्र एक वेळ ठरवून तीच ठेवावी. बाटली गॅसजवळच्या फळीवर किंवा बाथरूमच्या कपाटात ठेवू नये. उष्णता आणि ओल लागली की गोळीतला कस कमी होतो आणि मग डोस वाढत राहतो, कारण मात्र सापडत नाही. रक्त द्यायच्या दिवशी आधी रक्त द्यायचं, मग गोळी घ्यायची. गोळी घेऊन गेल्याने टीएसएच बदलत नाही, पण एफटीफोर काही तास फुगलेलं दिसतं.

रिपोर्टवर टीथ्री, टीफोर आणि एफटीथ्री, एफटीफोर अशा दोन जोड्या दिसतात. टीफोरचा ९९.९ टक्क्यांहून जास्त भाग रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो आणि उरलेला मोकळा कणभर भागच कामाचा. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना ही प्रथिनं वाढतात, त्यामुळे एकूण टीफोर ठळक दिसतं आणि माणूस ठणठणीत असतो. म्हणून एकूण टीफोरपेक्षा मोकळं टीफोर पाहावं. टीथ्री थायरॉइड जास्त काम करत असल्याची शंका असेल तरच उपयोगी. मंद थायरॉइडच्या रुग्णात टीथ्री शेवटपर्यंत मर्यादेत राहू शकतं, तेव्हा दर तीन महिन्यांनी ते मोजून काही कळत नाही. परदेशातल्या मुलीने तिकडचा रिपोर्ट पाठवला आणि तिचं एफटीफोर १५, आईचं १.२, म्हणून घाबरून जाऊ नये. तिकडे पिकोमोल प्रतिलिटरमध्ये मोजतात, इकडे बहुतेक ठिकाणी नॅनोग्रॅम प्रतिडेसिलिटरमध्ये. इकडच्या आकड्याला १२.९ ने गुणलं की तिकडचा मिळतो. दोघींचं जवळपास सारखंच आहे.

आता बायोटिनबद्दल, जरा सविस्तर, कारण ही चूक अगदी नव्या काळातली आहे. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या आणि गोड गमी घराघरांत आल्या आहेत. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं. या गोळ्यांत ५ किंवा १० मिलिग्रॅम असतं, म्हणजे १० मिलिग्रॅमच्या गोळीत गरजेच्या तीनशेपटीहून जास्त. शरीर ते लघवीवाटे टाकून देतं, त्यामुळे अपाय फारसा होत नाही. घोळ होतो तो लॅबमधल्या नळीत.

हार्मोन मोजायची आजची पद्धत ज्या कल्पनेवर उभी आहे, ती रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये मांडली: विशिष्ट पदार्थाला धरणारी प्रतिद्रव्यं वापरून त्याचं अत्यल्प प्रमाण मोजायचं. यालो यांना त्यासाठी १९७७ चं नोबेल मिळालं. बर्सन तोवर हयात नव्हते. सुरुवातीच्या टीएसएच तपासण्यांना ‘कमी’ आणि ‘सामान्य’ यांतला फरकच कळत नसे. आजची मशीन ०.०१ पर्यंत वाचतात. या मशीनपैकी बऱ्याच जणांत प्रतिद्रव्याला बायोटिनची शेपटी लावलेली असते आणि ती पकडायला स्ट्रेप्टॅव्हिडिन नावाचं प्रथिन नळीत असतं. पकड पक्की, म्हणून ही जोडी निवडली. पण रुग्णाच्या रक्तातच बायोटिनचा पूर आला असेल तर स्ट्रेप्टॅव्हिडिनच्या जागा त्यानेच भरून जातात. परिणाम तपासणीच्या रचनेप्रमाणे उलटसुलट होतो. टीएसएच खोटा कमी येतो, एफटीफोर आणि एफटीथ्री खोटे जास्त. कागदावर थायरॉइड भडकल्याचं हुबेहूब चित्र उभं राहतं, समोरच्या बाईला मात्र धडधड नाही, घाम नाही, वजन उतरलेलं नाही, हात थरथरत नाहीत. अशा कागदावर ग्रंथी दाबून टाकणारी औषधं सुरू झाली तर भलताच अनर्थ. त्याच मशीनवर बी-१२ आणि डी खोटे जास्त येऊ शकतात, म्हणजे खरी कमतरता झाकली जाते. उपाय अगदी साधा आहे: रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद. लॅबचा माणूस दंडाला पट्टा बांधत असताना ‘मधुमेह आहे का’ एवढंच विचारतो, त्यामुळे हे आपणच सांगायला हवं. मल्टिव्हिटॅमिनच्या पाकिटावरही बायोटिन किती आहे ते वाचून घ्यावं.

कधीकधी ठळक काहीच नसतं आणि आजार तिथेच असतो. बाळंतपणात खूप रक्तस्राव झालेला, नंतर दूधच आलं नाही, पाळी परत सुरू झाली नाही, अंगावरची लव गेली, सतत थकवा, थंडी सोसत नाही. अशा बाईचा टीएसएच ३ येतो आणि ‘थायरॉइड नॉर्मल’ म्हणून ती घरी जाते. त्या रक्तस्रावात पिट्युटरीच निकामी झालेली असते. मोटरच बिघडली तर तिच्या आवाजावरून टाकीचा अंदाज कसा करणार? इथे एफटीफोर पाहिल्याशिवाय गत्यंतर नाही. ते कमी आणि टीएसएच त्या मानाने गप्प, हीच खूण. शीहान सिंड्रोम नावाचा हा आजार आपल्या देशात अजून दिसतो आणि कित्येकदा वर्षानुवर्षं ओळखला जात नाही. यात आणखी एक धोका आहे. अशा रुग्णाला आधी कॉर्टिसॉल या दुसऱ्या हार्मोनची भरपाई करावी लागते आणि मगच थायरॉक्सिन द्यायचं असतं. क्रम चुकला तर जिवावर बेतू शकतं. म्हणून ‘बाळंतपणात रक्त चढवावं लागलं होतं’ हे वाक्य वीस वर्षांनंतरही डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे.

गरोदरपणात मर्यादाच वेगळ्या. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाचं हार्मोन थायरॉइडला ढोसतं, त्यामुळे टीएसएच खाली जातो आणि ०.१ पाहून दचकायचं कारण नसतं. गर्भधारणेची तपासणी पॉझिटिव्ह आल्याबरोबर आधीपासून गोळी घेणाऱ्या बाईने डॉक्टरांना फोन करावा, पहिल्या सोनोग्राफीची वाट पाहू नये. डोस बहुधा पंचवीस ते तीस टक्के वाढवावा लागतो आणि बाळाची स्वतःची ग्रंथी कामाला लागेपर्यंत त्याचा मेंदू आईच्याच टीफोरवर वाढत असतो. अर्धा काळ उलटेपर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच पाहायचा आणि तो २.५ च्या आत ठेवायचा प्रयत्न करायचा. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या याच काळात सुरू होतात. तिन्ही गोळ्या एकाच वेळी पाण्याच्या एकाच घोटाबरोबर घेतल्या, तर डोस वाढवूनही टीएसएच हलत नाही. पहाटे थायरॉक्सिन, दुपारी जेवणानंतर लोह, रात्री कॅल्शियम अशी वाटणी केली की बहुतेकींचं भागतं.

कोबी-फ्लॉवरचं म्हणाल तर, शिजवून नेहमीच्या प्रमाणात खाल्लेल्या भाजीने काही बिघडत नाही. मिठाकडे मात्र लक्ष हवं. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कमी होतो हे दाखवलं आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. घराघरांतलं आजचं आयोडीनचं मीठ ही त्या कामाची देणगी. फक्त सैंधव वापरणाऱ्या घराला हे आयोडीन मिळत नाही. उलट ‘थायरॉइडसाठी’ म्हणून आयोडीनचे थेंब किंवा समुद्रशेवाळाच्या गोळ्या घेणं हाशिमोतोच्या रुग्णाला बाधू शकतं.

आता जीवनसत्त्वं. थकवा, केस गळणं, हातापायाला मुंग्या, अंग दुखणं, विसरभोळेपणा या तक्रारी थायरॉइड, बी-१२, लोह आणि डी या चौघांच्याही असतात, म्हणून त्या एकत्र तपासणं चुकीचं नाही. मुंग्या आणि तोल जाणं असेल तर माझ्या मते पहिला मान बी-१२ चा. डी नंतर पाहिलं तरी चालतं. बी-१२ मध्ये उशीर झाला तर मज्जारज्जूची झीज होते आणि ती पूर्ण भरून निघत नाही.

बी-१२ चा आकडा पिकोग्रॅम प्रतिमिलिलिटरमध्ये येतो. २०० च्या खाली कमतरता धरतात. २०० ते ३०० हा धूसर पट्टा. त्यात होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलॉनिक आम्ल, म्हणजे बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारे पदार्थ, पाहिले की पेशींना खरोखर कमी पडतंय का ते कळतं. होमोसिस्टीनचं सॅम्पल काढल्यावर लगेच गार करून वेगळं करावं लागतं. नळी तासभर तशीच पडून राहिली तर तांबड्या पेशी ते सोडत राहतात आणि आकडा खोटा वाढतो. घरी येऊन सॅम्पल नेणाऱ्याने बर्फाची पिशवी आणली आहे का, हे विचारावं. रक्तपेशींच्या साध्या तपासणीतला, म्हणजे सीबीसीमधला, एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) शंभराच्या वर गेलेला असेल तर ती मोठी खूण. पण लोहही कमी असेल तर पेशी एकीकडे मोठ्या होतात आणि दुसरीकडे लहान, सरासरी मधे येते आणि एमसीव्ही साळसूदपणे ८८ दाखवतो. तेव्हा त्याच पानावरचा आरडीडब्ल्यू, म्हणजे पेशींच्या आकारातला फरक, वाढलेला दिसतो. ही ओळ कुणी वाचत नाही, खरं तर ती फुकटात मिळालेली माहिती असते.

बी-१२ ची कमतरता महाराष्ट्राने फार जवळून अभ्यासली आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवतींचा मागोवा घेतला. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी होतं. ज्या मातांचं बी-१२ कमी आणि फॉलेट (फॉलिक आम्ल) जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला प्रतिरोध सर्वाधिक आढळला. नुसती फॉलिक आम्लाची गोळी देऊन बी-१२ कडे डोळेझाक करू नये, हे त्यातून शिकायचं. फॉलिक आम्लाने रक्त सुधारतं आणि नसांचं नुकसान तसंच आत चालू राहतं.

शाकाहारी घरात बी-१२ चा मुख्य स्रोत दूध, दही, ताक. पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅमच्या आतबाहेर मिळतं. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम. दुपारच्या पातळ ताकाने आणि दोन कप चहातल्या दुधाने ती भागत नाही. मधुमेहाचं मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं आणि रोज सकाळी ॲसिडिटीची कॅप्सूल घेणाऱ्यांचं बी-१२ आणखी उतरतं. मांसाहारी माणसाचं ते शंभराच्या खाली असेल आणि त्याला हाशिमोतोही असेल, तर जठरातल्या पेशींवरही तसाच हल्ला चालू आहे का ते पाहावं. हे दोन आजार पुष्कळदा जोडीने येतात. तिथे आहार बदलून उपयोग नसतो, इंजेक्शनं किंवा मोठ्या डोसच्या गोळ्याच लागतात. आणि रक्त आधी, इंजेक्शन नंतर. ‘अशक्तपणा आहे’ म्हणून इंजेक्शन घेऊन आठवड्याने केलेल्या तपासणीत २००० च्या वर आकडा येतो. तो इंजेक्शनचा आकडा असतो, मूळ कमतरता होती की नाही हे त्यावरून कधीच कळत नाही.

डीबद्दल थोडक्यात. मागायची तपासणी २५-हायड्रॉक्सी. नावात १,२५ असलेली दुसरी महाग तपासणी मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी असते आणि कमतरतेतही ती सामान्य येते. नॅनोग्रॅममध्ये २० च्या वर बहुतेकांच्या हाडांना पुरतं. ३० ची रेषा ज्या अमेरिकन संस्थेने २०११ मध्ये लोकप्रिय केली, तिनेच २०२४ मध्ये ती मागे घेतली आणि निरोगी प्रौढांनी उगाच डी तपासू नये असंही सांगितलं. म्हणजे २४ चा ठळक आकडा हा आजार नव्हे. हाडं दुखणं, पाय ओढत चालणं, फ्रॅक्चर, मूत्रपिंडाचा आजार, सतत घरात किंवा पूर्ण झाकलेलं अंग असं काही असेल तर तपासणीला अर्थ आहे. कमी असेल तर ६०,००० युनिटचं सॅशे आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, असा नेहमीचा क्रम. ते ‘रोज एक’ असं वाचून घेणारे रुग्ण उलट्या, बद्धकोष्ठता, सतत तहान आणि बिघडलेलं मूत्रपिंड घेऊन दवाखान्यात येतात, कारण कॅल्शियम धोकादायक वाढलेलं असतं. चिठ्ठीवर ‘दर रविवारी’ असा वार लिहून घेतला तर ही चूक होत नाही. सॅशे दुधातून घ्यायला सांगतात, तेव्हा ते दुपारी घ्यावं, सकाळच्या थायरॉइडच्या गोळीजवळ नको. पुन्हा तपासणी तीन महिन्यांनंतर.

या सगळ्या पॅकेजांत एक तपासणी सहसा नसते आणि थायरॉइडच्या सर्व तपासण्यांत तीच सर्वांत मोलाची आहे. नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब. आपल्याकडे सुमारे हजार-बाराशे बाळांमागे एकाची ग्रंथी जन्मतः काम करत नाही. बाळ दिसायला अगदी छान असतं. आईकडून आलेलं टीफोर काही आठवडे भागवतं. कावीळ जरा रेंगाळते, रडणं घोगरं, शौचाला कमी होतं, बेंबी बाहेर आलेली, आणि आजी म्हणते, ‘किती शांत आहे गं पोर.’ पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिन सुरू झालं तर बहुतेक मुलं इतरांसारखीच वाढतात, शाळेत जातात. तीन-चार महिने उशीर झाला तर बुद्धीचं जे नुकसान होतं ते पुढच्या कुठल्याही डोसने परत येत नाही.

थेंब जन्मानंतर ४८ ते ७२ तासांत घ्यायचा. त्याआधी घेतला तर जन्माच्या वेळी आपोआप उसळलेला टीएसएच अजून उतरलेला नसतो आणि विनाकारण घबराट होते. म्हणून २४ तासांत डिस्चार्ज मिळाला तर तिसऱ्या दिवशी बाळाला परत घेऊन जायचं. टाच कोमट कापडाने शेकून, कडेच्या बाजूला टोचून, जाड गाळणकागदावर थेंब पूर्ण मुरू द्यायचा, कागद आडवा ठेवून सावलीत वाळवायचा. आकडा वाढलेला आला तर त्याच दिवशी शिरेतून रक्त घेऊन टीएसएच आणि एफटीफोर करायचं आणि रिपोर्टची वाट न पाहता, डॉक्टर म्हणतील तर, गोळी सुरू करायची: किलोमागे १० ते १५ मायक्रोग्रॅम, चमच्यात चुरून आईच्या दुधाच्या किंवा पाण्याच्या काही थेंबांत, तयार करताच लगेच पाजून. बाटलीभर दुधात मिसळायची नाही, कारण बाळ बाटली संपवेलच असं नाही. बाळंतपणासाठी नाव नोंदवतानाच ‘टाचेच्या रक्ताची थायरॉइड तपासणी तुमच्याकडे होते का, आणि रिपोर्ट किती दिवसांत मिळतो’ हे विचारून ठेवावं. होत नसेल तर बाहेरची लॅब कोणती ते आधीच ठरवून, तिचा फोन नंबर दवाखान्याच्या फाईलवर लिहून ठेवावा.